पोह्यांच्या वेळी चालू राहिलेली लाईन

बाबांच्या मिलमधल्या खात्यात नवी मशीनं आली तेव्हा आधी माणसं कमी झाली, मग मिलच बंद पडली. घर माझ्या पगारावर आलं. आमच्या शहरातल्या तुकोगंज भागात एका छोट्या कंपनीत मी नेटवर्क सांभाळायचो. आमच्या परदेशी ग्राहकाची अट होती: वेश बदललेलं व्हीपीएन, म्हणजे माहिती लपवून नेणारी चोरवाट, ऑफिसच्या फायरवॉलला, म्हणजे नेटवरच्या पहारेकरी मशीनला, चकवून बाहेर जाता कामा नये. गेलं तर काम बंद, म्हणजे आम्ही सगळेच घरी.

चाचणी घ्यायला पुण्याहून एक बाई आल्या. फायरवॉल त्या बघणार आणि चकवायची मी. जिंकलो तर माझीच नोकरी जाणार! मालक हळूच म्हणाले, "भिया, ज्यादा दिमाग मत लगाना." पण मुद्दाम हरणं माझ्या रक्तात नाही.

व्हीपीएनला मी साध्या वेबसाइटचं रूप दिलं. तोच दरवाजा, तसंच कुलूप, आतलं अक्षरही कुणाला वाचता येऊ नये असं. सकाळी सोडलं ते बिनबोभाट निघून गेलं. आधी छाती फुगली आणि लगेच नोकरी आठवली.

अकराच्या सुमारास रोजच्याप्रमाणे अख्खं ऑफिस पोहे खायला खाली उतरलं. परत येऊन बघतो तर माझी लाईन फायरवॉलने तोडलेली.

"काय वाचलं फायरवॉलने?" मी विचारलं.

"काहीच नाही. वाचता येतच नाही," बाई म्हणाल्या. "आठवडाभर तिने तुमच्या ऑफिसची चाल बघितली. माणूस पान उघडतो, वाचतो, थांबतो. आत्ता पोह्यांच्या वेळी सगळ्यांच्या लाईनी शांत झाल्या. तुमची एकटीच टिकटिक करत राहिली."

अंगावर सरसरून काटा आला. पाकीट न फोडता नुसत्या चालीवरून चोर ओळखायचा! हरल्याचं दुःख वाटायला मला सवडच मिळाली नाही.

"नेहमीच पकडेल?"

"छे. एखादी चोरवाट माणसांसारखी थांबायला शिकली तर निसटेल. कधी एखादी साधी लाईनही उगाच तुटेल."

काम राहिलं. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे मशीन जीत गई?"

"हो."

"अन् तुम्ही सगळे कामावर?"

"सगळे."

बाबांनी बंद मिलच्या दिशेच्या खिडकीकडे मान वळवली.

"असं पण होतं का, बेटा?"