दुकानांसमोर थांबणारे बाबा

माझे बाबा बाजारहाटाच्या वाटेला कधी गेले नव्हते. त्यामुळे ते अचानक दुकानांसमोर थांबायला लागले, तेव्हा आईला फार आनंद झाला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कापड गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबा भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले होते. आम्ही मुलुंडला, स्टेशनपासून बरंच आत राहायचो. मी कॉलेजात होते. संध्याकाळी स्टेशनवर गाठ पडली की आम्ही दोघं बरोबर घरी यायचो. बाबा भांड्यांच्या दुकानापाशी थांबून कुकर न्याहाळायचे, मग चपलांच्या दुकानापाशी, मग घड्याळांच्या. एखादी सिगारेट पेटवायचे आणि पुढे निघायचे.

"तुझ्या बाबांना आत्ता कुठे संसारात गोडी वाटायला लागलीय," आई म्हणायची.

एकदा मात्र ते नेमके बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानासमोर थांबले. दुकानातल्या मुली एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, चला ना! काय हे!"

"वायच थांब गो."

आवाज वेगळाच वाटला म्हणून मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम होता आणि ते वाकून पोटरी दाबत होते. थोडं चाललं की पोटरीत पिळवटायचं, उभं राहिलं की थांबायचं. कुणाला कळू नये म्हणून ते कुकर आणि चपला बघत होते!

डॉक्टरांनी त्यांच्या पावलावर बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली. "रक्ताच्या नळ्या आतून अरुंद झाल्यात," ते म्हणाले. "इतक्या वर्षांच्या सिगारेटी आहेत या. पायाला रक्त पुरत नाही. असंच चालू ठेवलंत तर बोटं काळी पडतील, कापावी लागतील. आणि पायाचं जे झालंय, ते हृदयाचंही होऊ शकतं." गोळ्या दिल्या, पण भर दोनच गोष्टींवर दिला. सिगारेट बंद आणि रोज चालणं. दुखलं की थांबायचं, दुखायचं राहिलं की परत चालायचं.

सिगारेट सोडल्यावर बाबांचं डोकं सारखं तापलेलं. आमटीत मीठ कमी म्हणून चिडायचे, जास्त म्हणूनही चिडायचे. खिशात बडीशेप, तोंडात लवंग. एका रविवारी दुपारी ते बराच वेळ दिसेनात म्हणून आई आणि मी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीमागे बाबा सिगारेट ओढत बसले होते. आईला बघून शाळेतल्या पोरासारखे उठून उभे राहिले.

मला वाटलं, आता भांडण. आई त्यांच्या शेजारी कठड्याला टेकली आणि म्हणाली, "अहो, ही लागली तरी कशी तुम्हाला?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. बाबा म्हणाले, "गिरणीत आमच्या खात्यात कापसाची धूळ इतकी, की श्वास घ्यायला जड जायचं. आगीच्या भीतीने आत ओढायला बंदी. ओढणाऱ्यांना मुकादम घटकाभर बाहेर सोडायचा, बाकीच्यांना नाही. मला फक्त बाहेरची हवा पाहिजे होती गो. म्हणून मी पण ओढायला लागलो."

आईने त्यांच्या हातातली सिगारेट घेऊन कठड्यावर विझवली. "आता मुकादम नाही ना? मग चला, हवा खायला जाऊ."

त्या दिवसापासून संध्याकाळी दोघं चालायला जायची. आधी पोस्टापर्यंत, मग पाच रस्त्यापर्यंत, पुढे पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. सिगारेट सुटली आणि बाबांचा पाय वाचला. गिरणीपासूनचा जुना खोकला मात्र काही गेला नाही. थंडीत छाती घरघरायची आणि जिना चढताना दम लागायचा, तो शेवटपर्यंत. पण फिरून परत आल्यावर चपला काढतानाही दोघांचं बोलणं चालूच असायचं, आणि मी आतून ऐकत राहायचे.