पांढऱ्या टोपीचे चौदा

परवा शनिवारी श्रीगोंद्याकडच्या तलावावर आम्हाला जवळजवळ अटकच झाली... तीही पाखरांपायी.

योहान मास्तर माझे मित्र, मिशनच्या शाळेत शिकवतात. समुद्रावरचे कुरव पक्षी थंडीत आपल्या तलावावर येतात, अशी त्यांची खात्री. तीन हिवाळे ते वहीत टिपणं करताहेत. मी सोबतीला जातो... म्हणजे थट्टा करायला.

घोटाळा असा, की पुस्तकातल्या कुरवाचं डोकं काळपट, टोपी घातल्यासारखं. समोर पोहणारे सगळे पांढऱ्या डोक्याचे, कानामागे फक्त काजळाची तीट. मग हे कुरव की आणखी कोणी? तासभर वाद घातला आणि दोघेही जास्तच गोंधळलो.

एवढ्यात मागून गावचे पोलीस पाटील आले. त्यांनी वही ओढून घेतली आणि मोठ्यानं वाचली, "पांढऱ्या टोपीचे चौदा. काळ्या टोपीचा एकही नाही. उत्तरेकडून आले. आणखी येणार."

'चले जाव'पासून पांढरी टोपी म्हटलं की सरकारी माणसाला थंडीतही घाम फुटतो...

"कुठं लपिवल्यात हे चौदा?"

"लपवले नाहीत, पोहताहेत," मी म्हणालो. म्हणायला नको होतं.

"वही तालुक्याला जाईल, मास्तर. मागनं तुमी बी."

मास्तर पांढरेफटक. नोकरी आणि तीन हिवाळे, दोन्ही त्या एका वहीत...

काठावर जाळं सोडवत बसलेला म्हातारा भोई खो खो हसला. "आवो पाटील, पाखरं हायती ती! थंडीत डोकं पांढरं. शिमग्याला काळं व्हतं, मग जात्यात उडून. लहानपनापासनं बगतोय."

मास्तर अटकच विसरले. "काळं होतं? एकदम की हळूहळू?" म्हणत पाटलांच्या हातातली वही घेऊन लिहायला लागले!

पाटील मात्र अजून गोंधळलेले. "म्हंजी हंगाम बगून टोपी बदलत्यात? मान्सावानीच की..." जप्त करावं की सोडावं, ठरेना. शेवटी त्यांनीच तोड काढली. टोपीवाल्या प्रत्येक ओळीपुढे 'पक्षी' लिहायचं, त्यांच्यादेखत.

मास्तर मांडी घालून बसले. तीन हिवाळ्यांच्या ओळी... पक्षी, पक्षी, पक्षी. एका ओळीपाशी थांबले. 'आज सोबत एक मित्र, पांढरी टोपी.' तो मी. टोपी आज खिशात होती, एवढंच.

पाटलांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "तितं बी लिवा," म्हणाले.

तेव्हापासून सरकारदरबारी मी पक्षी आहे. मास्तर सुटले, वही सुटली... तेवढ्यासाठी कबूल. पाटील मला ओळखत नव्हते की चांगलंच ओळखून होते, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.