मोताळ्याची काच वाचणारी बाई आणि माझ्या गाडीचे परमुलखातले दिवे

मोताळा माझ्या बेतात नव्हतंच. नाशिकहून देऊळगाव राजाला मावसबहीण सुनंदाकडे जायचं, बालाजीचं दर्शन घ्यायचं, दोन दिवस पोटभर गप्पा मारायच्या आणि परत यायचं, एवढंच ठरलं होतं. गाडी नेहमीचीच. सतरा वर्षांची जर्मन डिझेल सेडान, एका डॉक्टरांकडून घेतलेली. इंजिन अजून ठणठणीत आहे. पण दोन महिन्यांपूर्वी पार्किंगमध्ये डावा हेडलाइट खांबाला घासला आणि त्याला धरून ठेवणारा प्लास्टिकचा कान तुटला. काचा तशाही पिवळ्या पडल्या होत्या. जुन्या युरोपियन गाडीचा एखादा भाग मिळवणं म्हणजे काय, हे ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांना सांगायला नको. शेवटी ऑनलाइन एक वापरलेला जोड सापडला. परदेशातून आलेला, मूळ कंपनीचा, काच नव्यासारखी स्वच्छ. बसवला आणि रस्ता असा लख्ख दिसायला लागला की मी चार जणांना फोटो पाठवले.

एकच गोष्ट खटकायची. समोरून येणारे सारखे लाइट मारून दाखवायचे. मी डिपरवरच असायचे, म्हणजे झोत खालीच असायचा. मी मनात म्हणायचे, लोकांना सवयच असते.

पहिला दिवस. सिन्नरहून समृद्धी महामार्गावर चढलं की जालन्यापर्यंत काही विचार करावा लागत नाही. मधला दुभाजक रुंद आहे, समोरच्या गाड्या जाणवतच नाहीत. जालन्यात मैत्रिणीकडे जेवायला थांबले आणि तिनं चहाशिवाय सोडलं नाही. देऊळगाव राजाच्या रस्त्याला लागले तेव्हा साडेसहा होत आले होते. थंडीचे दिवस, अंधार पडायला लागलेला, दोन्हीकडे कपाशीची शेतं. समोरून एक मोटारसायकल येत होती. ती अगदी जवळ आली, डुलली आणि सरळ रस्त्याखाली उतरून आडवी झाली.

मी गाडी थांबवून धावले. पस्तिशीचा माणूस, मागे भाजीचे रिकामे कॅरेट बांधलेले. कोपर सोललं होतं, बाकी धड होता. आणि भयंकर चिडला होता.

"काय ताई, डोळे फोडता का आमचे? अप्पर मारून काहून चालवता?"

"अहो, डिपरवरच होते मी. बघा हवं तर."

त्यानं खरंच बघितलं. गाडीत डोकावून खटका खाली-वर करून पाहिला. मग म्हणाला, "आता तुम्ही जाऊन उभ्या ऱ्हा, मी जिथून येत होतो तिथं."

मी वीसेक पावलं पुढे जाऊन वळले. पुढचं काही दिसेचना. डोळ्यांसमोर पांढरा पडदा, त्यात गाडी नाही, रस्ता नाही, रस्त्याची कड नाही. दोन महिने मी हे लोकांच्या डोळ्यांत घालत फिरत होते.

त्याचं नाव रामेश्वर. मी माझ्याजवळच्या डबीतलं मलम त्याच्या कोपराला लावलं, मोटारसायकल उभी करायला हात दिला. फुटलेल्या इंडिकेटरचे पैसे त्यानं घेतले नाहीत. त्याचा राग मात्र उतरला आणि तो म्हणाला, "मोताळ्याला जा. तिथं काच वाचणारी बाई हाय. आमच्या ट्रॅक्टरचे दिवे तिनंच लावून दिले."

पुढचे काही किलोमीटर मी नुसत्या पार्किंग लाइटवर, जीव मुठीत धरून, एका एसटीच्या मागे मागे काढले. तुम्ही असं करू नका.

दुसऱ्या दिवशी सुनंदाच्या गप्पा अर्ध्यावर सोडून बालाजीला हात जोडले आणि उजाडताच निघाले. देऊळगाव राजा ते चिखली, चिखलीहून बुलढाणा. रस्ता एकंदर चांगला, गावांजवळ गतिरोधक मात्र भरपूर आणि रंग न दिलेले. बुलढाण्यात नाश्ता उरकून घ्या, कारण पुढे राजूर घाट आहे. घाट छोटा, पण वळणावळणाचा, आणि खाली उतरलं की हवा एकदम बदलते. तिथून मोताळा जवळच. मी पोहोचले तेव्हा अकरा वाजले होते आणि बाजाराचा दिवस असल्यानं रस्त्यात माणूसच माणूस.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. बॅटऱ्या, वायरींचे जुडगे, आणि मागच्या भिंतीवर ओळीनं टांगलेले फुटके हेडलाइट. मालक दिगंबरभाऊ, साठीच्या पुढचे, गाड्यांची वायरिंग करतात. काच वाचणारी बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, शोभाबाई. हिरवं लुगडं, हातात ओला फडका. मी घडलेलं सांगायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि दिव्यापुढे उकिडव्या बसल्या.

"हे पाहा, गोल. गोलात ई अन् एक. म्हंजे जर्मनीत तपासेल हाय. हे एच आणि सी, म्हंजे डिपर. एच आणि आर, म्हंजे अप्पर. दोन्ही हॅलोजनचे. एचच्या जागी डी असता तं झेनॉन, निळसर उजेडाचा. पी आणि एल म्हंजे ही काच नाई, प्लास्टिक हाय." मग त्यांनी मान वर केली. "आता बाण दाखवा बरं मले."

मी शोधला. मोबाइलची बॅटरी लावून शोधला. "नाही दिसत."

"नाईच हाय तो. बाण नाई म्हंजे जिथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते, तिथला दिवा. डिपरचा उजेड एका बाजूले वर चढते, कडेचा मानूस दिसावा म्हणून. तिकडं कड उजवीकडं रायते. आपल्या इथं उजवीकडं कोन रायते?"

"समोरून येणारा," मी म्हणाले.

"हाव. त्याच्याच डोळ्यात."

दिवा थोडा खाली झुकवून चालेल का, असं मी विचारलं. "झुकवला तं तुमालेच दिसनार नाई, अन् चढ तं चढच रायते. जुने दिवे कुठी हायत?"

जुने डिकीतच पडून होते. नाशिकच्या मेकॅनिकनं काढले आणि मी तसेच ठेवले. शोभाबाईंनी पिवळ्या काचेवर थुंकी लावून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. अक्षरांखाली बारीकसा बाण होता. दिव्याकडे तोंड करून पाहिलं तर आपल्या उजव्या हाताला, म्हणजे गाडीच्या डावीकडे, जाणारा. सतरा वर्षं तो तिथं होता, मी कधी वाकून बघितलं नव्हतं.

जुनेच दिवे परत बसवायचे ठरलं. दिगंबरभाऊंनी तुटक्या कानात तापवलेली तारेची जाळी बसवून तो जोडला. मग मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदा व्होल्ट, बल्बपाशी बाराच्याही खाली. "दोन व्होल्ट वाटेतच सांडून राह्यले," ते म्हणाले. त्यांनी अर्थिंगची गंजलेली जागा घासली, जाड वायर ओढली, दिव्यांना वीज थेट बॅटरीतून मिळावी म्हणून रिले बसवले. तोवर शोभाबाई काचा घासत होत्या. ओला पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग आणखी बारीक. शेवटी वरून पारदर्शक कोट, नाहीतर उन्हानं काच पुन्हा पिवळी पडते. एलईडी बल्ब टाकू का, असं मी त्यांना विचारलं.

"ह्या वाटीत हॅलोजनच. आतली चमकदार वाटी त्या बारीक तारेच्या हिशोबानं वळवेल हाय. अन् जादा वॅटचाही नको, वाटी जळते."

कोट वाळेपर्यंत त्यांच्याकडेच जेवले. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. मी त्यांना विचारलं, इंग्रजी कुठे शिकलात?

"नाई येत. नवऱ्यानं आनलेल्या भंगाराच्या काचा घासत होती मी. दोन काचा एकसारक्या, पन भिंतीवर उजेड येगळा काऊन पडते, हे समजे ना. मंग मी खुणा ताडून पाह्यल्या, अक्षरं लोकायले इचारली. पंधरा वर्सं झाली." त्या हसल्या. "मानसाचं नाव वाचता नाई आलं तरी चेहरा वळखू येतेच ना."

"आधी मीच हासत होतो तिले," दिगंबरभाऊ ताटाकडे बघत म्हणाले. "आता गिऱ्हाईक मले नाई, तिलेच इचारते."

साडेसहाला, अंधारू लागल्यावर, आम्ही जवळच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या लांब भिंतीपुढे गाडी उभी केली. पाच मीटर अंतर, चाकांत हवा बरोबर, चालकाच्या जागेवर मी. दिगंबरभाऊंनी खडूनं दिव्यांच्या उंचीची रेघ मारली, तिच्या चार बोटं खाली दुसरी. शोभाबाई भिंतीपाशी उभ्या राहून सांगत होत्या, "डावा अजून खाली. थोडा. बस." भिंतीवर उजेडाची कड सरळ आली आणि डावीकडे हळूच वर चढली. तो चढ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. सगळं काम अडीच हजारांच्या आत झालं. परदेशी जोडाच्या किमतीच्या चौथाईही नाही.

मुक्काम बुलढाण्यात होता, म्हणून लगेच घाट चढायला घेतला. पहिला ट्रक समोरून आला आणि माझे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. तो शांतपणे निघून गेला. दुसरा, तिसरा, एक जीप. कुणी लाइट मारला नाही. घाट संपायच्या आधी एका वळणावर डाव्या कडेला तीन बायका दिसल्या, डोक्यावर कपाशीची बोचकी घेऊन घरी निघालेल्या. लांबूनच दिसल्या, पावलांपासून बोचक्यापर्यंत. मी वेग कमी केला, गाडी सावकाश बाजूनं नेली. त्या मागे पडल्यावर लक्षात आलं की परमुलखातल्या दिव्यांनी ही कड अंधारातच ठेवली असती. नुसत्या रामेश्वरचा प्रश्न नव्हता.

नाशिकला येऊन पंधरा दिवस झाले. दिव्यांचा उजेड पूर्वीसारखा दिपवणारा नाही, आणि त्याची सवय व्हायला मला दोन-तीन दिवस लागले. जुनी युरोपियन गाडी असेल तर दिवे बदलण्याआधी एकदा काचेपुढे वाका, बाण कुठे जातो ते बघा, आणि बल्बपाशी व्होल्टेज मोजून घ्या. अर्ध्याहून जास्त काम तिथंच होतं.

परदेशी जोड आता डिकीत पडून होता. परवा तो विकायला म्हणून ऑनलाइन टाकला, आणि खाली स्पष्ट लिहिलं: आपल्या रस्त्यांसाठी नाही, फक्त सुट्या भागांसाठी. तरीही संध्याकाळी एका गृहस्थांचा फोन आला. त्यांची गाडी माझ्याच मॉडेलची. मी त्यांना उजवी-डावी बाजू, चढ, बाण, सगळं समजावून सांगितलं.

"ते ठीक आहे हो मॅडम," ते म्हणाले, "समोरच्याला थोडा त्रास होईल. पण आपल्याला तर छान दिसतं ना?"

"मलाही छानच दिसत होतं," मी म्हणाले, आणि जाहिरात काढून टाकली.