पिंपात काय घालू?

काकू लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा वस्तरा ही न्हाव्याच्या हातात असायची वस्तू, यापलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं. नवरा जुने, गंजलेले वस्तरे पुन्हा कामाला आणून द्यायचा, हे लग्न ठरताना कुणीतरी सांगितलं होतं, पण त्यात सांगण्यासारखं काय आहे हे तेव्हा कळलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कामाच्या टेबलावरचं एक काळं पडलेलं पातं उचललं आणि राख-घासणी घेऊन लख्ख घासून ठेवलं. नवी नवरी, काम दाखवायची हौस. नवऱ्यानं ते खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं. त्यावर कारखान्याचं एक बारीक फूल कोरलेलं होतं म्हणे, ते आता दिसत नव्हतं.

तो ओरडला नाही. म्हणाला, "हात जोरदार आहे तुझा. फक्त विचारून लावत जा."

तेव्हापासून काकू विचारत आल्या. चाळीस वर्षं. रोज सकाळी मोटार सुरू करायच्या आधी त्या पिंपापाशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "अहो, काय घालू?"

पिंप म्हणजे बादलीएवढं, आतून जाड रबर लावलेलं डबडं. दोन रुळांवर आडवं ठेवलेलं, शिलाई मशीनच्या जुन्या मोटारीवर फिरणारं. टेबलाखाली तीन डबे असत. पहिल्यात चिनी मातीचे तिरपे खडे. ते पाण्याबरोबर घालायचे. खोल गंज दोन तासांत खाऊन टाकतात, पण त्यांना गंज कुठला आणि नक्षी कुठली एवढी अक्कल नसते. दुसऱ्यात अक्रोडाच्या कवचाचा भरडा. त्यात चमचाभर पॉलिशची पेस्ट मिसळायची. काम संथ, दोन-तीन दिवस लागतात, पण पात्यावरचं अक्षरही दुखावत नाही. तिसऱ्यात मक्याच्या रिकाम्या कणसांचा भुसा, शेवटचा हात फिरवायला. कुठल्या पात्याला काय, यातच सगळा धंदा होता. एकदा चुकलं की चुकलं, खाल्लेलं पोलाद परत भरता येत नाही.

त्यांच्या नवऱ्याला लोक आरसेवाले म्हणायचे, कारण त्यांच्या हातून गेलेल्या पात्यात गिऱ्हाइकाला स्वतःचं नाक दिसायचं. स्वतः आरसेवाल्यांना मात्र सहा वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला. उजेड आणि सावली कळे, कडा कळत नसत. तरी काम थांबलं नाही. ते खिडकीपाशी खुर्चीत बसत, अंगठ्यानं पातं चाचपत आणि सांगत. काकू भरत, धूत, पुसत. गिऱ्हाइकं म्हणायची, काका, आता काकूच करतात की सगळं. त्यावर ते म्हणत, "करते ती, पण डोकं माझं. तिला नुसते हात दिलेत देवानं." काकू आतून म्हणत, "आणि यांना नुसतं तोंड." गिऱ्हाईक हसे. सगळं ठीक चाललं होतं.

खरं म्हणजे काय घालायचं ते काकूंना कधीपासूनच विचारावं लागत नव्हतं. पात्याकडे एक नजर टाकली की कळायचं. पण सकाळी उठून दाढी करून, धुतलेला सदरा घालून तो माणूस खुर्चीत येऊन बसायचा तो या प्रश्नासाठी, हेही त्यांना कळायचं.

गेल्या वर्षापासून आरसेवाल्यांच्या डोक्यात गाठी सुटायला लागल्या. चहा घेतला की नाही हे विसरत. कोपऱ्यावरचा शिंपी आला की त्याला त्याचा बापच समजत, कारण बाप-लेकाचा आवाज एकसारखा. बाप जाऊन दोन वर्षं झाली होती. "गुडघे कसे आहेत?" असं ते विचारत, आणि शिंपी बिचारा बापाच्या वतीनं "बरे आहेत" म्हणून सांगे. मग कामातही व्हायला लागलं. भरडा सांगायच्या जागी भुसा सांगितला. काकूंनी एकदा गुपचूप भरडाच घातला, तर खुर्चीतून आवाज आला, "भुसा म्हणालो होतो ना मी?" कारण पिंप बोलतं. खडे खडखडतात, भरडा सळसळतो, भुसा नुसता सुस्कारतो. डोळे गेल्यावर त्यांचे कान असे तयार झाले होते की पिंपात काय आहे ते त्यांच्यापासून लपत नसे. काकूंनी निमूट भुसा घातला. भुशानं काही बिघडत नाही, वेळ तेवढा जातो.

लेक लांब राहायची. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई, तुला हवं ते घाल आणि म्हण, तुम्ही सांगितलंत तेच घातलंय. काकू म्हणाल्या, "बाकीचं काय सुटलं असेल ते असो, कान अजून त्यांचेच आहेत गं."

अशात तो शिंपी एका सोमवारी बापाचा वस्तरा घेऊन आला. बापानं तो कधी वापरला नव्हता, नुसता जपला होता, आणि जपता जपता गंजवला होता. पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं, कागदासारखं पातळ. गंजाच्या ठिपक्यांमधून सोनेरी अक्षरांची एक ओळ दिसत होती. शिंपी म्हणाला, बाकी कसंही होऊ दे, ती ओळ तेवढी राहू दे. शनिवारी नेतो.

मंगळवारी काकूंनी विचारलं, "काय घालू?"

"खडे," आरसेवाले म्हणाले.

काकूंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्या म्हणाल्या, सोन्याची अक्षरं आहेत हो. ते म्हणाले, माहीत आहे, गंज खोल आहे, दोन तास खडे. काकूंनी जरा रेटून पाहिलं, तर त्यांचा स्वर चढला. "चाळीस वर्षं मी इथं बसून भाजी विकली का?"

काकूंनी मोटार तापल्याचं निमित्त केलं आणि तो दिवस ढकलला. संध्याकाळी पुन्हा विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दर वेळी तेच उत्तर, आणि दर वेळी जास्त ठाम. इकडे आड, तिकडे विहीर. खडे घातले तर शिंप्याच्या बापाची ओळ जाणार, आणि आरसेवाल्यांनी पातं मारलं हे गावभर होणार. नाही घातले तर तुम्ही चुकताय असं तोंडावर सांगायचं. ज्या माणसाकडे आता बरोबर असण्याची एवढी एकच जागा उरली होती, त्याला त्याच जागेवर सांगायचं.

काकूंचं देवाशी बोलणं मोठ्यानं नसे. पाती धुताना ओठ हलत तेवढेच. त्या दिवशी त्या म्हणाल्या, देवा, मी खोटं बोलत नाहीये, मी नुसती दोन पिंपं लावतेय.

माळ्यावर जुनं छोटं पिंप होतं, मोटारीसकट. ते त्यांनी उतरवलं, स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कपाटात ठेवलं, भोवती गोधडी गुंडाळली आणि कपाटाचं दार लावून घेतलं. यात भरडा आणि पातं. बाहेरच्या मोठ्या पिंपात खडे, पाणी, आणि बाकी काही नाही. ते खडखडत राहील, यांचं समाधान होईल, आणि आत पातं सावकाश उजळेल. शनिवारी दोघंही खरे ठरतील. आपल्याला हे सुचलं याचं काकूंना जरा कौतुकही वाटलं.

गुरुवारी सकाळी आरसेवाल्यांनी आपलं काम केलं. हे एक काम ते अजून स्वतः करत. धारेवर चिकटपट्टी लावून, मूठ काढलेल्या पात्याच्या शेपटीच्या भोकातून तार ओवायची, तिला पीळ द्यायचा आणि पिंपाच्या झाकणाला आतून असलेल्या आकड्यावर पातं टांगायचं, म्हणजे ते भिंतीला आपटत नाही. बोटं अजून पक्की होती. झाकण आवळलं, "लाव" म्हणाले आणि आंघोळीला गेले. काकूंनी घाईनं झाकण उघडलं, पातं काढून आत छोट्या पिंपात घातलं, झाकण लावलं आणि दोन्ही पिंपांची बटणं दाबली.

ते येऊन खुर्चीत बसले. आत काय घुरघुरतंय म्हणाले. शेजारचा पंप असेल, काकू म्हणाल्या. अर्धा तास गेला. काकू भांडी घासत होत्या. आणि बाहेरून हाक आली.

"अगं, बंद कर. आवाज रिकामा येतोय."

काकूंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. टांगलेल्या पात्याला मधूनच एखादा खडा लागतो आणि बारीक किणकिण होते. तेवढ्या खडखडाटात ती कुणाला ऐकू येत असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. एखादी मोडकी सुरी टांगली असती तरी भागलं असतं. करायला गेलं एक आणि झालं भलतंच.

त्या बाहेर येईपर्यंत ते उठले होते. चाचपत बटण बंद केलं, झाकण काढलं. आकड्यावर हात फिरवला, आकडा मोकळा. मग त्यांनी बाही वर करून ओल्या खड्यांत हात घातला आणि एकेक मूठ काढून ताटलीत ठेवायला लागले. घाई नाही, काही नाही. तळापर्यंत गेले. बोटांनी रबर चाचपलं.

"पातं नाहीये गं." मग ओला हात पुसत, "मी टांगलं होतं ना?"

"टांगलं होतं," काकू म्हणाल्या.

त्याच वेळी पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. ते ओठांपर्यंत आलं होतं. पण ते म्हणायचं म्हणजे खड्यांचं सांगायचं, आणि तेवढ्या एका क्षणाच्या उशिरात आरसेवाल्यांनी आपलं उत्तर आपणच शोधलं.

"नसेल टांगलं," ते म्हणाले. "मला तार आठवतेय. पीळ दिलेला आठवतोय. पण नसेल."

आणि ते टेबलावर हात थोपटत पातं शोधायला लागले. डब्यांवर, खुर्चीच्या गादीखाली. खाली वाकून फरशीवर. तेव्हा काकूंना राहवलं नाही. त्या धावत आत गेल्या, छोटं पिंप उघडलं, भरड्यानं माखलेलं पातं आणून त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. मी काढलं. तुम्ही आंघोळीला गेल्यावर काढलं. तुम्ही खडे सांगितलेत, तीनदा सांगितलेत, खड्यांनी ती ओळ गेली असती, म्हणून मी आत भरडा लावला आणि बाहेर नुसते खडे.

आरसेवाल्यांनी पात्यावर अंगठा फिरवला. "भरडाच हवा याला," ते म्हणाले. "बरोबर केलंस. पण मी खडे कशाला सांगेन? सोन्याच्या ओळीला?"

"सांगितलंत हो."

"अगं, नवशिक्या पोरालाही कळेल हे." ते हसले, पण ते हसू पुरं झालं नाही. "खरं सांग. कुठं सापडलं तुला? मोरीत ठेवलं होतं का मी?"

काकूंनी जन्मात कधी शपथ घेतली नव्हती. त्या दिवशी घेतली. देवाशपथ, मीच काढलं.

त्यांनी काकूंचा हात शोधला, त्यावर थोपटलं. "माझ्यासाठी गोष्ट रचतेस, ते कळतंय मला. पण देवाला नको ओढूस त्यात."

त्यांनी खरंच टांगलं होतं. त्यांना आठवत होतं तेच खरं होतं, त्यांच्या कानाला आलं तेही खरं होतं. चुकलं होतं ते एकच, आणि तेच त्यांना आठवत नव्हतं. काकूंनी खरं सांगितलं तर ते लबाडी ठरत होतं, आणि लबाडी तेवढी निमूट खरी होऊन बसली होती. त्यांनी लेकीला फोन लावून दिला, तिच्याकडून वदवलं. आरसेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दोघी गुणाच्या आहात.

पातं उघडपणे मोठ्या पिंपात गेलं. काकूंनी भरडा घातला. आकड्यावर पातंही त्यांनीच टांगलं, कारण तार पुढे केली तर आरसेवाल्यांनी हात मागे घेतला. शुक्रवारी संध्याकाळी भुशाची वेळ झाली, ते काकूंना दिसत होतं. तरी त्यांनी पिंपापाशी उभं राहून विचारलं.

"तुला येतं की," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. रागावले असते तर काकूंना भांडता आलं असतं.

शनिवारी काकूंनी पात्याला मूठ चढवली, खिळी ठोकली, दगडावर धार लावली. पातं असं झालं होतं की कुणीही बघत राहावं. ओळ पुरी वाचता येत होती. सकाळी आरसेवाल्यांनी दाढी केली नव्हती. खुर्चीत बसले होते, पण खुर्ची खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावलेली.

शिंपी आला. वस्तरा उघडला आणि ती ओळ बोट फिरवत दोनदा वाचली. मग म्हणाला, "काका, तुमच्यासारखा हात नाही कुणाचा."

"मी नाही केलं," आरसेवाले म्हणाले. "हिनं केलं. माझं काही राहिलं नाही आता."

शिंप्याला तो विनय वाटला. तो हसला, आणि म्हणाला की त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या न्हाव्याकडे सात वस्तरे आहेत, दुकान बंद करतोय, सगळे असेच गंजलेले. सोमवारी घेऊन येऊ का?

"नाही घेत आम्ही आता," आरसेवाले म्हणाले.

शिंप्यानं काकूंकडे पाहिलं. काकूंच्या डोळ्यांपुढे ते सातही वस्तरे आले. न पाहिलेले असूनही आले. कशाला खडे लागतील, कशाला भरडा, सगळं त्या एकट्याच करू शकल्या असत्या. हो म्हटलं तर यांचा शब्द शिंप्यासमोर मोडायचा, आणि यांना काही कळत नाही हे यांच्याच घरात, यांच्याच समोर पक्कं करायचं. नाही म्हटलं तर पिंप आज थांबायचं. आरसेवाले भिंतीकडे तोंड करून वाट बघत होते. काकू काय म्हणतात ते ऐकायला त्यांनी मान किंचित तिरपी केली होती.

"हे म्हणतात तसं," काकू म्हणाल्या.

आणि वस्तरा गुंडाळायला तेलाचा कागद आणायला त्या आत गेल्या.