सवलतीचा फॉर्म
परवा कोरेगाव स्टेशनच्या तिकीट खिडकीवर पुढच्या बाईंनी दवाखान्याचा सवलतीचा फॉर्म आत सरकवला आणि मला वडिलांबरोबरची मिरजेची शेवटची फेरी आठवली. कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सूट मिळते, पण दर फेरीला डॉक्टरांच्या सहीचा नवा फॉर्म लागतो. त्या दिवशी वडिलांनी नेहमीसारखा पुढच्या फेरीचा फॉर्म मागितला. डॉक्टर म्हणाले, "आता यायची गरज नाही, काका. घरीच आराम करा." मग मला बाहेर नेऊन त्यांनी सांगितलं, की आता उपचारांचा उपयोग नाही. परतीच्या पॅसेंजरमध्ये भाजलेल्या शेंगांचा वास भरला होता, बाहेर उसाला तुरे आले होते. "फॉर्म दिला न्हाई, म्हंजे सुटलो रं मी," वडील म्हणाले. "व्हय आबा," मी म्हणालो. समोरच्या अनोळखी माणसालाही त्यांनी ते कौतुकानं सांगितलं. महिन्याभरात त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्यांनी विचारलं, "तुला तवाच ठाव हुतं न्हवं?" मी होकारार्थी मान हलवली. ते भिंतीकडे तोंड करून वळले आणि जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या डब्यात मी काय बोलायला हवं होतं, ते मला आजही सुचत नाही.