बशीच्या तुकड्यावरचं मत

९ मार्च, रविवार. दूधवाला उशिरा आला. दादाने माझी निळ्या फुलांची बशी मुद्दाम फोडली. कारण विचारलं तर म्हणाला, लोकशाही.

ही नोंद मास्तरांच्या धाकट्या बहिणीची. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायची. मास्तरांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला होता आणि निवृत्तीनंतर घंटा वाजायची थांबली, एवढाच काय तो फरक पडला. दूध उतू गेलं तरी त्यांना एखादं बुडालेलं साम्राज्य आठवायचं. जिन्यात ते भेटले की शेजारी हातातली पिशवी आधी खाली ठेवत. लवकर सुटका नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सध्या त्यांच्या डोळ्यांत सलत होता तो तळमजल्यावरचा शिंपी. इमारतीच्या समितीचा तो कायमचा अध्यक्ष. पाण्याचा पंप त्याच्या लहरीवर चालायचा, गच्चीची किल्ली त्याच्या खिशात असायची. तशी निवडणूक दरवर्षी व्हायची, पण हात वर करून. शिंपी गळ्यात टेप अडकवून समोर उभा राहायचा आणि सगळ्यांचे हात मुकाट्याने वर जायचे, कारण प्रत्येक घरचं काही ना काही त्याच्याकडे अर्धवट शिवून पडलेलं असायचं. खुद्द मास्तरांच्या कोटाला अजून एकच बाही होती.

यंदा त्याला खुर्चीवरून उठवायचंच, असं मास्तरांनी मनावर घेतलं. उपाय सापडला तो प्राचीन अथेन्समध्ये. तिथे एखादा माणूस फार डोईजड झाला की लोक मडक्याच्या खापरीवर त्याचं नाव कोरायचे आणि खापऱ्या पुरेशा जमल्या की त्याला दहा वर्षं शहराबाहेर घालवायचे. मास्तर घरोघर समजावत फिरले की नको असलेल्याचं नाव तुकड्यावर लिहा, बादलीत टाका, कुणाला पत्ता लागणार नाही. मडकी कुणाकडेच नव्हती, तेव्हा ज्याने त्याने घरातली कपबशी फोडली.

संध्याकाळी गाड्या लावायच्या जागेत सभा भरली. शिंप्याने बादली सतरंजीवर उपडी केली. तुकड्यामागून तुकडा त्याच्याच नावाचा निघाला. मास्तरांची छाती फुगली. मग शिंप्याने एक तुकडा उचलून उजेडात धरला.

“सोनेरी काठ. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. याच कपातून मला बिनसाखरेचा चहा पाजला होता.”

मास्तरांचं तोंड पांढरं पडलं. माप घ्यायला शिंपी घरोघर जायचा आणि प्रत्येक घरी चहा प्यायचा, हे त्यांच्या इतिहासात कुठे आलंच नव्हतं. शिंपी शांतपणे एकेक बशी ओळखत गेला. पहिल्या मजल्यावरचे किराणावाले छताकडे बघू लागले. कुणीतरी हळूच म्हणालं की मतं पुन्हा हात वर करून घेऊ या का. निळ्या फुलांपाशी आल्यावर शिंपी मास्तरांकडे पाहून नुसता हसला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची नर्स उठली.

“तो हिरवा तुकडा माझा. शोधत बसू नका. आणि माझ्या ब्लाउजचं काय करायचं ते करा, तसाही तो मला आता होणार नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग डॉक्टरीणबाईंनीही सोनेरी काठ कबूल केला. बघता बघता जो तो आपापली बशी सांगू लागला. शिंप्याने सभेवर नजर फिरवली. रुसायचं तर कुणाकुणावर? रुसलो तर गिऱ्हाईक म्हणून उरणार कोण? त्याने गच्चीची किल्ली काढून सतरंजीवर ठेवली आणि कपडे शनिवारी मिळतील म्हणाला.

“बघा,” मास्तरांना पुन्हा कंठ फुटला, “एकेकटा माणूस भितो. सगळे मिळून भीत नाहीत. अथेन्समध्येही हेच झालं होतं.”

“तिथे तुझ्यासारखा शहाणा कुणी नव्हता,” बहीण म्हणाली. “त्यांनी घरचे कप नाही फोडले.”

नवा अध्यक्ष कोण, असा प्रश्न निघताच मास्तर उभे राहिले, कोटाविनाच. पण लोकांनी एकमताने नर्सला बसवलं. मास्तर भाषण लांबवतील, ही भीती मात्र सगळ्यांना मिळूनही वाटली. खिशातलं अध्यक्षीय भाषण तसंच घेऊन ते घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी ते बहिणीला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं.

त्या रात्री तिने डायरीत लिहिलं: भाजी तळाला लागली. वरची वरची वाढली.