मळ्या माशाचे डबे

नदीकाठी डबे लपवत हिंडलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, कुसळांसारखे ते आपोआप कपड्यांना चिकटतात. आम्ही तर फक्त तिघं होतो, तरी पुष्कळ झाले. अजूनही भेटलो की तेच तेच सांगतो आणि बायका कंटाळून आत निघून जातात.

तिघांतला एक मी. नारायणगावात माझं टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दुसरा पोपट, वारूळवाडीचा टोमॅटोचा व्यापारी, जीप त्याची. आणि तिसरा दिलीप, ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवायचा. त्याचं मूळ गाव घोड नदीच्या काठचं, ते धरणात गेलं. त्या गावाच्या ओढीने आणि एका माशाच्या नादाने आम्हा तिघांना कामाला लावलं.

मासा म्हणजे मळ्या. बोटाएवढा, वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारा. बाजारात भाव नाही, कालवणात टाकला तर सापडत नाही. म्हणून कुणी त्याचं नावही घेत नाही. "आरं, पण आपला हाय ना तो! आपल्याच नदीतला!" हे दिलीपचं दुखणं.

मोबाईलमध्ये नकाशे यायच्या आधीची ही गोष्ट. पोपटच्या मेव्हण्याने अमेरिकेतून जीपीएसचं यंत्र आणलं आणि सोबत एक खेळही. डबा लपवायचा, जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. ज्याला डबा सापडेल त्याने त्यात काहीतरी ठेवायचं, त्यातलं काहीतरी घ्यायचं. जिओकॅशिंग म्हणे! दिलीप खुर्चीतून उठलाच. "मळ्या असंल तिथंच डबं लपवू. लोक डबा शोधत येतील आन माशाला भेटून जातील!"

प्रत्येक डब्यात मळ्याचं लॅमिनेट केलेलं चित्र ठेवायचं ठरलं.

*

सुरुवातीला पोरांना काय माहीत आहे ते बघू, म्हणून दिलीप एका शाळेत गेला.

"आपल्या नदीत कोणते मासे आहेत?"

एक म्हणाला, शार्क. दुसरा म्हणाला, डॉल्फिन. टीव्हीची कृपा! मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र विचारात पडली होती. दिलीपला वाटलं, हिला माहीत आहे. त्याने तिला उभं केलं.

"सर, धरणाचं आवर्तन सुटून नदीला पाणी आलं की बघून सांगते!"



*

मीना नदीच्या कडेने उसातून चाललो होतो. यंत्र पोपटच्या हातात. आता जुन्नर भागात उसात यंत्र घेऊन कोण शिरतं? फॉरेस्टवाला! बघता बघता मागे घोळका जमला.

"साहेब, पिंजरा कधी लावताय?"

"काल तिकडं पंपाजवळ दिसला व्हता. लई मोठा हाय!"

दिलीपने हात जोडले. "आम्ही बिबट्यासाठी नाही आलो. माशासाठी आलोय."

एक म्हातारबाबा पुढे झाले.

"मासा? त्यानं कुनाची शेळी नेली?"

परत येताना पोपट जीप चालवताना हसत होता. दिलीप मात्र गंभीरपणे म्हणाला, "नेली असती तर बरं झालं असतं राव. पेपरात फोटो तरी आला असता."

*

एक डबा दोन भावांच्या शेतांमधल्या बांधावर लपवला. भावांचं बांधावरून वाकडं होतं हे आम्हाला काय ठाऊक? यंत्र बघून थोरल्याने चहा पाजला. ते बघून धाकट्याने दूध पाजलं, वर बदाम टाकून! आम्हाला वाटलं, काय माणसं आहेत!

पुढे इंटरनेटवर तक्रारी यायला लागल्या. "तुमचे आकडे चुकीचे आहेत." आम्ही गेलो तर डबा खरंच धाकट्याच्या शेतात सरकलेला. नीट ठेवून आलो. नंतर तो थोरल्याच्या शेतात! दोघांनीही आम्हाला मोजणीवाले ठरवलं होतं आणि डब्याला हद्दीची खूण. रात्रीत जो तो आपल्या सोयीने हद्द सरकवत होता.

शेवटी दोघांनी मिळून डबा बांधावरच्या बाभळीला साखळीने जखडला. थोरला म्हणाला, "आता डबा बी हलायचा नाय आन बांध बी!"

डब्यातला मासा कुठला, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. पण भांडण मिटलं, हे काय थोडं आहे?

*

डब्यात लोक काय काय ठेवायचे! चॉकलेट, बिल्ले, टोमॅटोच्या बियांचं पाकीट. एकदा घोड नदीवरच्या डब्यावर कुत्री तुटून पडलेली दिसली. हाकलून झाकण उघडलं, तर आत सुके बोंबील! सोबत चिठ्ठी.

"तुमचा मासा दिसला नाही. म्हणून आमच्याकडून."

आम्ही पोट धरून हसलो. दिलीपही हसला, पण मग पाण्याजवळ जाऊन एकेक दगड उलटून बघायला लागला. खरं सांगायचं तर तोवर आम्हालाही मळ्या क्वचितच दिसत होता. डबे वाढत होते आणि मासा कमी होत होता. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा दिलीपसाठी वाईट वाटलं.

*

दिलीपला एकच डबा मनापासून लपवायचा होता, त्याच्या गावाच्या जागेवर. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की वरच्या अंगाला नदीचं जुनं पात्र उघडं पडतं. आणि तिथे त्याला आईला न्यायचं होतं. गाव सोडल्यापासून मावशी, म्हणजे दिलीपची आई, त्या बाजूला फिरकल्या नव्हत्या. दिलीप दर उन्हाळ्यात विचारायचा आणि त्या दर उन्हाळ्यात नाही म्हणायच्या.

त्या वर्षी त्याने आईच्या हातात मळ्याचं चित्र दिलं. मावशींनी ते लांब धरून बघितलं.

"हे आमच्या धुन्याच्या दगडावरलं. पाय सोडून बसलं की लुचायचं पायाला. हायत का आजून?"

"चल की बघायला."

"कोन्त्या तोंडानं येऊ? गाव सोडलं तवा टरकवाला हारन वाजवीत व्हता, नदीची वटी बी भरली न्हाई. निघताना 'येते' म्हनतात. मी न्हाई म्हनले. परत यायचंच नव्हतं, तर खोटं कसं बोलू तिच्याशी?"

पण मे महिन्यात आम्ही निघालो तेव्हा मावशी जीपमध्ये येऊन बसल्या. मांडीवर पिशवी.

चिखल वाळून तडकला होता. घरांची जोती तेवढी उरली होती. खाली दगडांमधून एका डोहातून दुसऱ्या डोहात बारीक धार वाहत होती. मावशी एका दगडावर बसल्या, लुगडं सावरलं आणि पाय पाण्यात सोडले. आम्ही उभे. बराच वेळ काहीच नाही.

"हालू नगा," मावशी म्हणाल्या. "आलं."

आम्ही वाकून वाकून बघितलं. पाण्यावर ऊन एवढं चमकत होतं की आम्हाला काही दिसलं नाही. दिलीप पाण्याकडे बघतच नव्हता. तो आईच्या तोंडाकडे बघत होता.

मग त्याने डबा उघडून दगडाच्या कपारीत ठेवला. मावशींनी पिशवीतून तांदूळ काढले, खण काढला आणि दोन्ही डब्यात ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं. नारळ काही डब्यात मावेना.

"आई, झाकण लागत नाय."

"ऱ्हाऊ दे उघडं."

नारळ त्यांनी धारेत सोडला. पदर डोक्यावरून घेतला, चार पावलं चढून आल्या आणि थांबून मागे वळल्या.

"येते गं!"